पडद्यावरचं नाणं तपासायचं कसं: मालिकांतल्या नाण्यांच्या कथानकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

मालिकेत नाणं दिसतं ते फार तर दोन-तीन सेकंद. कुणाच्या तळहातावर, टेबलाच्या कडेला, प्रेताच्या खिशात. तेवढ्यात तपास अधिकारी म्हणतो, "हे साधं नाणं नाही," आणि कथा पुढे पळते. नाण्यांची आवड असलेला प्रेक्षक मात्र तिथेच अडकतो. कुठलं होतं ते? एवढी किंमत खरंच असते का? त्याने ते असं बोटांनी घासलं कसं?

या प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा मिळतात आणि त्यासाठी तज्ज्ञ असण्याची गरज नाही. पडद्यावर दिसणाऱ्या वस्तूंमध्ये नाणं वेगळं आहे, कारण देश, मूल्य आणि साल ते अंगावर घेऊनच फिरतं. खुर्ची, दिवा किंवा सुरी आपलं साल सांगत नाही. म्हणून नाण्यावर उभं असलेलं कथानक तपासता येतं, अगदी एखाद्या कागदपत्रासारखं. पटकथाकाराने अभ्यास केला असेल तर तो दिसतो आणि नसेल केला तर तेही दिसतं. खालची पद्धत मी स्वतः वापरतो. ती पहिल्यांदा भाग पाहताना वापरू नका. कथा आधी मनापासून पाहा, तपासणी दुसऱ्या फेरीत करा.

आधी ठरवा, नाणं कथेत काय काम करतंय

हे आधी ठरवलं नाही तर चुकीच्या गोष्टीत चूक शोधली जाते. ढोबळमानाने चार कामं दिसतात: नाणं संपत्ती असतं, पुरावा असतं, कौल लावण्याचं साधन असतं किंवा खूण असतं.

'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये जाकेन आर्याला देतो ते लोखंडी नाणं चौथ्या प्रकारातलं. त्यात मौल्यवान धातू नाही. ते ब्राव्होस शहराच्या माणसाला दाखवलं की वाट मोकळी होते, एवढंच त्याचं मोल. 'अमेरिकन गॉड्स'मध्ये मॅड स्वीनीचं सोन्याचं नाणं शॅडो आपल्या बायकोच्या कबरीवर टाकतो आणि ती उठून चालू लागते. तिथे वजन, शुद्धता, टांकसाळ यांची चिकित्सा करण्यात अर्थ नाही. खुणेच्या नाण्याला एकच प्रश्न विचारावा: कथेने त्याचे जे नियम घालून दिले, ते शेवटपर्यंत पाळले का? आर्याच्या नाण्याबाबत ते पाळले जातात, म्हणूनच ते दाखवून ती जहाजावर चढते तो प्रसंग पटतो.

पुढच्या पायऱ्या उरलेल्या तीन प्रकारांसाठी आहेत.

योग्य चौकट पकडा

नाणं हवेत असताना किंवा हात हलत असताना चित्र थांबवलं तर पुसट डागाशिवाय काही हाती लागत नाही. नाणं टेकलेलं असतं किंवा हात थांबलेला असतो तो क्षण शोधा. संगणकावर व्हीएलसी वापरत असाल तर 'ई' ही कळ दाबून एकेक चौकट पुढे जाता येतं. यूट्यूबवर चित्र थांबवून स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या कळांनी मागेपुढे सरकता येतं. उपशीर्षकं बंद करा, ती नेमकी नाण्यावरच येतात.

एकाच चौकटीवर समाधान मानू नका. निदान तीन हव्यात: नाण्याची एक बाजू, दुसरी बाजू आणि कड. कडेकडे कुणी पाहत नाही आणि खूप काही तिथेच लिहिलेलं असतं. प्रत्येक चौकटीसोबत भागाचा क्रमांक आणि मिनिट-सेकंद टिपून ठेवा. हे टिपण नसेल तर महिन्याभराने तुम्हालाच तो प्रसंग सापडणार नाही.

आणखी एक खबरदारी: संकलनात कधी कधी दृश्य डावं-उजवं उलटं केलेलं असतं. नाण्यावरची अक्षरं उलटी दिसली तर आधी चित्र सरळ करून घ्या, नाहीतर पुढचा सगळा तर्क उलटा जाईल.

आकार मोजा

पडद्यावर नाणं केवढं आहे हे डोळ्यांनी कळत नाही, पण शेजारी ठरावीक मापाची वस्तू असेल तर गणिताने कळतं. सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे बँकेचं कार्ड. जगभर त्याची लांबी ८५.६ मिमी असते. समजा थांबवलेल्या चित्रात पट्टी लावून कार्ड २१४ मिमी भरलं आणि नाणं ६१ मिमी, तर ६१ भागिले २१४, गुणिले ८५.६, म्हणजे जवळपास २४.४ मिमी. अमेरिकेचं २५ सेंटचं नाणं २४.२६ मिमीचं असतं. १ युरोचं २३.२५ आणि २ युरोचं २५.७५ मिमीचं. म्हणजे उत्तर सापडलं. मात्र दोन्ही वस्तू एकाच पातळीवर, कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हव्यात. नाणं हातात वर धरलेलं आणि कार्ड मागे टेबलावर असेल तर हे गणित फसतं.

पत्त्यांचा जोड असेल तरी चालतं. पत्ते दोन रुंदींचे मिळतात, पण जुगारघरांत बहुतेकदा दिसणारा पत्ता साधारण ६३.५ मिमी रुंद आणि ८९ मिमी लांब असतो. जुगाराच्या प्रसंगात हा हमखास हाताशी मिळतो.

काही मापं पाठच करून ठेवावीत अशी आहेत. अमेरिकेचा १ सेंट १९.०५ मिमी, ५ सेंट २१.२१, अर्धा डॉलर ३०.६१, जुना चांदीचा डॉलर ३८.१ आणि सोन्याचा २० डॉलर, म्हणजे 'डबल ईगल', ३४ मिमी. हे शेवटचे दोन अनेकदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. सोन्याचा मुलामा दिलेला मोठा डॉलर दाखवून पात्र त्याला डबल ईगल म्हणतं, पण चार मिमीचा फरक बोटांवर ओळखू येतो.

माप, रंग आणि चित्रावर दिसणारा एखादा शब्द एवढं हाती आलं की न्यूमिस्टासारख्या ऑनलाइन सूचीत शोध घ्या. देश, मूल्य, धातू, व्यास अशा गाळण्या लावल्या की यादी भराभर आकसते.

साल तपासा, आणि सालावर थांबू नका

माझ्या मते सगळ्यात रसाळ पायरी हीच, म्हणून इथे थोडं रेंगाळू या.

पहिला नियम सोपा आहे. कथा ज्या वर्षात घडते त्यानंतरच्या सालाचं नाणं तिथे असू शकत नाही. पुरातत्त्वज्ञ जमिनीत सापडलेल्या नाण्यांच्या साठ्याचा काळ याच तर्काने ठरवतात: साठ्यातलं सगळ्यात नवं नाणं सांगतं की त्याआधी हा साठा पुरलेला असणं शक्य नाही. रहस्यमालिकेत या तर्काचा फार सुंदर वापर होऊ शकतो. माणूस अमुक वर्षी मेला असं सगळे सांगतात आणि त्याच्या कोटाच्या अस्तरात त्यानंतरच्या वर्षाचं नाणं सापडतं. साक्षीदार खोटं बोलू शकतो, ते नाणं बोलू शकत नाही. असा धागा वापरणारा भाग दिसला की मी त्या पटकथाकाराचं नाव लक्षात ठेवतो.

दुसरा नियम जरा अवघड आहे: नाण्यावरचं साल आणि ते लोकांच्या हातात आल्याचं साल एकच असेल असं नाही. युरोची नाणी हे याचं उत्तम उदाहरण. फ्रान्स, स्पेन, बेल्जियम, नेदरलँड्स आणि फिनलंड या देशांच्या युरो नाण्यांवर १९९९ हे सालही आढळतं. पण ती चलनात आली १ जानेवारी २००२ला. म्हणजे १९९९मध्ये घडणाऱ्या कथेत दुकानदाराने १९९९ सालचं युरो नाणं सुटे म्हणून दिलं, तर साल बरोबर असूनही प्रसंग चूक. वेशभूषा आणि मोटारी काळजीपूर्वक जमवणारे निर्मातेही इथे घसरू शकतात, कारण नाण्यावरचं साल त्यांनी तपासलेलं असतं आणि तपासून झालं असं त्यांना वाटतं.

साल दिसतच नसेल तर नक्षीवरून काळ काढा. अमेरिकेच्या १ सेंटच्या मागच्या बाजूला १९०९ ते १९५८ गव्हाच्या दोन ओंब्या होत्या. १९५९पासून २००८पर्यंत लिंकन स्मारकाची इमारत. म्हणजे १९४०च्या दशकातल्या गुप्तहेराच्या हातात खांबांची इमारत असलेला सेंट दिसला की पुढे पाहण्याची गरजच नाही. २५ सेंटच्या मागे निरनिराळ्या राज्यांची चित्रं दिसली तर काळ १९९९ किंवा त्यानंतरचा.

ब्रिटनच्या नाण्यांसाठी आणखी सोपी युक्ती आहे. एकामागून एक येणाऱ्या राजा-राण्यांचे चेहरे आलटूनपालटून विरुद्ध दिशेला वळवण्याची तिथे जुनी प्रथा आहे. सहाव्या जॉर्जचा चेहरा डावीकडे, दुसऱ्या एलिझाबेथचा उजवीकडे, तिसऱ्या चार्ल्सचा पुन्हा डावीकडे. दुसऱ्या महायुद्धाच्या कथेत उजवीकडे पाहणारी राणी दिसली तर ती चूक पुसट चौकटीतही पकडता येते. अक्षरं वाचता आली नाहीत तरी नाक कुठल्या बाजूला आहे ते दिसतंच. शिवाय ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ला दशमान पद्धत स्वीकारली, त्यामुळे त्याआधीच्या कथेत शिलिंग आणि जुने मोठे पेनी दिसले पाहिजेत. ५ आणि १० पेन्सची नवी नाणी मात्र १९६८पासूनच फिरत होती, तेव्हा तिथे घाईने चूक दाखवू नका.

आता कड. अमेरिकेची १० आणि २५ सेंटची नाणी १९६४ सालापर्यंत ९० टक्के चांदीची होती. १९६५ सालापासूनच्या नाण्यांत आत तांबं आणि वरखाली तांबं-निकेलचा थर आला. म्हणून नव्या नाण्याच्या कडेला तांबूस रेघ दिसते, जुन्याची कड सलग पांढरी असते. १९५०च्या दशकातल्या उपाहारगृहात संगीतयंत्रात नाणं टाकतानाचं दृश्य जवळून घेतलेलं असेल, तर नेमकी तीच कड कॅमेऱ्यासमोर येते.

हातांकडे पाहा

पात्र नाण्यांचं जाणकार आहे असं कथा सांगत असेल तर त्याच्या तोंडच्या वाक्यांपेक्षा त्याचे हात बघा. खरा संग्राहक नाणं कडेने धरतो, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, खाली मऊ कापड असलेल्या टेबलावर. बाजूंना बोट लावत नाही, कारण त्वचेचं तेल आणि घाम धातूवर बसतो आणि कालांतराने ठशाचा डाग उमटतो. लाखो डॉलरचं नाणं म्हणून तळहातावर घेऊन अंगठ्याने चोळणारा तज्ज्ञ म्हणजे सुरी पात्याकडून धरणारा आचारी.

साफसफाईचं दृश्य तर पाहवत नाही. जुनं काळवंडलेलं नाणं सापडतं, नायक ते बाहीला घासतो, ते चमकतं आणि सगळ्यांचे डोळे विस्फारतात. वास्तवात त्या घासण्याने पृष्ठभागावर बारीक ओरखड्यांचं जाळं पडतं आणि ते कधीच भरून येत नाही. नाण्यांची स्थिती १ ते ७० या शेल्डन मापावर मोजतात. घासलेल्या नाण्याला प्रमाणन संस्था सहसा असा आकडाच देत नाहीत, साफ केलेलं अशी नोंद करतात. काळाने चढलेली सावळी झाक संग्राहकांना हवीच असते.

शेल्डन माप १९४९मध्ये मांडलं गेलं. सीलबंद पारदर्शक डबीत नाणं बंद करून त्यावर श्रेणी छापणाऱ्या दोन मोठ्या संस्था त्यानंतर कितीतरी उशिरा आल्या: पीसीजीएस १९८६मध्ये, एनजीसी १९८७मध्ये. त्यामुळे १९७०च्या दशकातल्या कथेत तिजोरीतून अशी डबी निघाली तर ती कालविसंगती. हे सहज तपासता येतं आणि सहज राहूनही जातं.

सोन्याचं नाणं दाताखाली धरणंही तपासा. या चाचणीमागे अर्थ आहे, पण बरेचदा उलटा सांगितला जातो. चलनातली सोन्याची नाणी बहुधा तांबं मिसळून कठीण केलेली असतात. डबल ईगलमध्ये ९० टक्केच सोनं आहे. दाताची खूण सहज उमटली तर ते शुद्ध सोनं असण्यापेक्षा मुलामा दिलेलं शिसं असण्याची शंका घ्यावी.

वजनाचा हिशेब करा

सोन्याने भरलेली पेटी हे टीव्हीवरचं आवडतं दृश्य. दोन माणसं ती उचलतात, पळतात, होडीत टाकतात. आता हिशेब करू. डबल ईगलचं वजन ३३.४३६ ग्रॅम. हजार नाणी म्हणजे ३३ किलोच्या वर. दर्शनी मूल्याने, म्हणजे नाण्यावर छापलेल्या मूल्याने, १० लाख डॉलर हवे असतील तर ५० हजार नाणी लागतील, म्हणजे १,६७० किलोहून जास्त. ते दोन खांद्यांवरच्या पिशव्यांत मावत नाही.

पेटी दिसत असेल तर दुसऱ्या बाजूने मोजा. ४० सेमी लांब, ३० रुंद, २५ उंच म्हणजे ३० लिटर. नाण्यांमध्ये फटी राहतात, म्हणून निम्मी जागा रिकामी धरली तरी १५ लिटर धातू उरतो. ९० टक्के सोन्याच्या मिश्रधातूचं वजन लिटरला सुमारे १७ किलो. म्हणजे ही जेवणाच्या टेबलावर मावणारी पेटी २५० किलोच्या वर जाईल. चांदीची नाणी असतील तर साधारण दीडशे किलो.

हा हिशेब मांडताना माझा हेतू कलाकारांना पकडण्याचा नसतो. वजन दिसलं की दृश्य खरं वाटतं: पाठ वाकते, दोरी करकचते, तळ फाटतो. चोरी करणं सोपं आणि लूट हलवणं अवघड, हा पेच कथेलाच बळ देतो. तो वापरला नाही तर आयतं हाती आलेलं नाट्य वाया जातं.

पुराव्याच्या नाण्यालाही वजन लावून पाहा. १९४३मध्ये युद्धासाठी तांबं वाचवायचं म्हणून अमेरिकेने १ सेंटची नाणी जस्ताचा थर दिलेल्या पोलादाची पाडली. काही मोजकी चुकून कांस्याच्या जुन्या चकत्यांवर छापली गेली आणि ती आता दुर्मीळ आहेत. कथेत असं नाणं आलं तर चाचणी दोन मिनिटांची आहे. चुंबकाला चिकटलं तर तांब्याचा मुलामा दिलेलं साधं पोलादी नाणं. नाही चिकटलं तर वजन करा: पोलादी नाणं २.७ ग्रॅम, कांस्याचं ३.११. त्यानंतरही भिंगाखाली साल बघायचं, कारण १९४८मधल्या ८चा भाग काढून ३ केलेली बनावट नाणी आढळतात. पात्राने चुंबक न वापरताच "खरं आहे" म्हटलं तर वहीत तसं नोंदवा.

किंमत आणि मालकी वेगवेगळी तपासा

कथेतली किंमत आजच्या लिलावाशी ताडून पाहणं अन्यायाचं आहे. ती कथेच्या वर्षाशी ताडा. याचा नमुना म्हणून 'हवाई फाइव्ह-ओ'चा डिसेंबर १९७३मध्ये दाखवलेला 'द हंड्रेड थाउजंड डॉलर निकेल' हा भाग पाहावा. नाण्यांच्या कथानकांत माझा सगळ्यात आवडता हाच.

त्यातलं नाणं खरं आहे: अमेरिकेचं १९१३ सालचं लिबर्टी निकेल, मूल्य ५ सेंट. ही नक्षी अधिकृतपणे १९१२मध्येच थांबली होती, तरी १९१३ सालाची पाच नाणी अस्तित्वात आहेत. त्यांतलं एक १९७२मध्ये १ लाख डॉलरला विकलं गेलं, म्हणजे शीर्षकातला आकडा हवेतला नव्हता. चोरलेलं ते नाणं वर्तमानपत्रं विकणाऱ्या यंत्रात पडतं आणि मग साधी ५ सेंटची चिल्लर म्हणून हातोहात फिरू लागतं. दर्शनी मूल्य आणि संग्राहकाचं मूल्य यांतलं अंतर इथे कुणी भाषणातून समजावत नाही, ते पाठलागातून दिसतं. तेच नाणं २०१०मध्ये ३७ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेलं.

पण याच भागाला मालकीचा प्रश्नही विचारावा. जगात पाचच असलेल्या आणि प्रत्येकाचा मालकी-इतिहास ठाऊक असलेल्या नाण्याचा चोर गिऱ्हाईक कुठून आणणार? अशी वस्तू उघडपणे विकता येत नाही. म्हणून गुपचूप विकत घेणारा एखादा विक्षिप्त धनाढ्य कथेत असावाच लागतो. तो नसेल तर कथानकात भोक आहे.

याच पाच नाण्यांमधल्या एकाची खरी हकिकत कुठल्याही मालिकेपेक्षा सरस आहे. १९६२मध्ये त्याचा मालक मोटार अपघातात गेला. नाणं सापडलं, पण साल बदललेलं बनावट म्हणून ते कुटुंबाला परत मिळालं आणि चार दशकं कपाटात पडून राहिलं. २००३मध्ये बाल्टिमोरला तज्ज्ञांनी ते उरलेल्या चारांशेजारी ठेवून तपासलं आणि अस्सल ठरवलं. २०१३मध्ये त्याला ३१ लाख डॉलरहून जास्त किंमत आली. "तज्ज्ञाने बनावट सांगितलं" एवढ्यावर पात्र गप्प बसलं तर ही हकिकत आठवा.

मालकीचा दुसरा धडा १९३३च्या डबल ईगलचा. ४,४५,५०० नाणी पाडली गेली, पण चलनात न आणता वितळवण्याचा हुकूम झाला. दोन संग्रहालयासाठी राखली गेली आणि काही बाहेर निसटली. खाजगी मालकीसाठी कायदेशीर ठरलेलं एकच नाणं २००२मध्ये सुमारे ७६ लाख आणि २०२१मध्ये १ कोटी ८९ लाख डॉलरला विकलं गेलं. दुसरीकडे फिलाडेल्फियातल्या एका कुटुंबाने तपासणीसाठी दिलेली दहा नाणी सरकारने ठेवून घेतली आणि कोर्टात सरकारच जिंकलं. म्हणजे कथेत आजोबांच्या पेटीतून असं नाणं निघालं, तर कुटुंब श्रीमंत होणार की पोलिसांना सामोरं जाणार, हा प्रश्न पटकथेने विचारायलाच हवा.

जमिनीत सापडलेल्या नाण्यांसाठी देशाचा कायदा बघा. इंग्लंडमधल्या 'डिटेक्टरिस्ट्स' या मालिकेतली धातुशोधक मंडळी ज्या कायद्याखाली वावरतात तो १९९६चा. त्यानुसार ३०० वर्षांहून जुनी, निदान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकत्र सापडली तर तो निधी, म्हणजे गुप्तधन, ठरतो आणि १४ दिवसांत कळवावं लागतं. एकटं नाणं सहसा त्यात येत नाही. ही मालिका संपूर्ण पाहा. सोन्याआधी बाटल्यांची झाकणं आणि डब्यांच्या चकत्या किती निघतात, हे ती न लपवता दाखवते आणि शोधाचा खरा स्वभाव तोच आहे.

कौल आणि पोकळ नाणी

छापा-काट्याच्या प्रसंगात दोन्ही बाजू पडद्यावर दिसतात का, हे बघा. एकच बाजू पुन्हा पुन्हा दाखवली जात असेल तर दुतर्फा छापा असलेलं नाणं पुढे येणार अशी शक्यता धरा. अशी नाणी टांकसाळीत नव्हे, एक नाणं आतून कोरून त्यात दुसऱ्याचं अर्ध बसवून बनतात. बारीक सांधा कडेच्या आतल्या बाजूला असतो.

नाणं खरंच कडेवर उभं राहतं का? 'द ट्वायलाइट झोन'च्या १९६१मधल्या एका भागात बँकेचा कारकून वर्तमानपत्रवाल्याच्या डब्यात नाणं टाकतो, ते उभं राहतं आणि त्याला दिवसभर इतरांचे विचार ऐकू येतात. नाणं आडवं झालं की शक्ती संपते. अमेरिकेचं ५ सेंटचं जाड नाणं कडेवर उभं राहण्याची शक्यता भौतिकशास्त्रज्ञांनी १९९३मध्ये अंदाजे ६,०००मध्ये एक अशी मांडली. म्हणजे दुर्मीळ, पण अशक्य नाही. कथेने निवडलेला योगायोग नेमका हवा तेवढाच आहे. २०२३मध्ये संशोधकांनी ३,५०,७५७ वेळा नाणी उडवली तेव्हा सुरुवातीला वर असलेली बाजूच ५०.८ टक्के वेळा वर आली. तेव्हा पात्र उडवण्याआधी नाणं नीट बघून घेत असेल, तर त्याकडे लक्ष असू द्या.

हेरगिरीच्या मालिकेत पोकळ नाणं दिसलं तर ते कल्पित समजून सोडून देऊ नका. १९५३मध्ये ब्रुकलिनमध्ये वर्तमानपत्रं टाकणाऱ्या मुलाच्या हातून ५ सेंटचं नाणं पडलं आणि त्याची दोन शकलं झाली. आत आकड्यांच्या ओळी असलेली इवलीशी फिल्म होती. उघडण्यासाठी नाण्याच्या एका अक्षरात सुई जाईल एवढं भोक पाडलेलं होतं. तो संदेश १९५७मध्ये एक सोव्हिएत हेर फुटून येईपर्यंत उलगडला नाही. पडद्यावरचं पोकळ नाणं तपासताना दोनच गोष्टी बघा: ते कसं उघडतं आणि टाकल्यावर कसं वाजतं. आवाज चित्रीकरणानंतर भरलेला असतो हे खरं, पण पोकळ नाण्याला खणखणीत आवाज देणाऱ्या ध्वनिकाराने ती चूकच केलेली असते.

वहीत कसं लिहायचं

एका नाण्याला एक पान. वर मालिका, भाग, मिनिट-सेकंद. त्याखाली नाण्याचं काम, मग ओळख आणि ती कशावरून केली. "माप आणि ओंब्यांवरून" असं लिहा, नुसतं नाव लिहू नका. सहा महिन्यांनी स्वतःचाच निष्कर्ष तपासावा लागतो. त्याखाली साल, हात, वजन, किंमत, मालकी. यातलं जे लागू नसेल ते सोडून द्या. न दिसलेल्या गोष्टीपुढे "दिसलं नाही" असंच लिहा, अंदाजाने भरू नका.

'हवाई फाइव्ह-ओ'च्या पानाची सुरुवात अशी होऊ शकेल: "नाणं संपत्ती, नंतर चिल्लर. १९१३ लिबर्टी निकेल, ५ सेंट, २१.२ मिमी. रंग चांदीसारखा, पण ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकेल. किंमत कथेच्या वर्षाला धरून बरोबर. गिऱ्हाईक: पुन्हा बघायचं. कड: दिसली नाही."